झुझी ओळखू यायला हवी

झुझी पळाली त्याला अकरा दिवस झाले होते आणि तिला व्यायला चार उरले होते. त्या आठवड्यात हे दोन आकडे सोडून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. चहात साखर दोनदा घालायचे आणि तो तसाच पिऊन टाकायचे.

झुझी माझी डुकरीण. मंगलित्सा जातीची; अंगावर मेंढीसारखी कुरळी लोकर, रंग वाळल्या गवताचा, कान डोळ्यांवर पडलेले. चालताना ती मान जरा डावीकडे धरते, शेजारणीचं बोलणं चोरून ऐकत असल्यासारखी. तिच्यासारखी आणखी एकवीस माझ्या आवारात आहेत. वादळात अक्रोडाचं झाड माझ्या दोन्ही कुंपणांवर आडवं पडलं. सकाळी मोजली तर एकवीस भरली. बाविसावी मक्याच्या शेतातून डोंगराकडे गेली होती आणि तिसऱ्या दिवशी कळलं की रानडुकरांच्या कळपात राहतेय. माझा नवरा येनो ट्रक घेऊन ग्राझला गेला तो तिथल्या एका केकवालीकडेच राहिला, तेव्हासुद्धा मी इतकी हादरले नव्हते. येनो गेल्यानं बाकीच्यांना धोका नव्हता.

झुझीमुळे होता. दोन वर्षं झाली, आमच्या नोग्रादच्या डोंगरांत डुकरांचा ताप आहे. माणसाला काही होत नाही, डुक्कर वाचत नाही. रानात मेलेली रानडुकरं सापडतात, मग पाट्या लागतात, रस्त्यावर औषधात भिजवलेल्या चटया येतात आणि नियम येतात. डुकरं पाळणाऱ्यानं रानात पाऊल टाकायचं नाही. रानात फिरणाऱ्यानं डुकरवाल्याच्या दारात यायचं नाही. माझा थोरला दीर लोरिंत्स रानाचा राखणदार, त्यामुळे दोन वर्षं आम्ही रस्त्याच्या दोन कडांना उभं राहून बोलतो. तो रस्त्याकडेच्या क्रूसाच्या चौथऱ्यापाशी, मी माझ्या फाटकाशी. मध्ये तीस पावलं. माझं ब्लडप्रेशर आणि त्याचा गुडघा अख्ख्या गावाला पाठ आहे.

गुरांची डॉक्टर रेका माझ्याकडे आली ती पांढरा कागदी झगा घालून, आणि फाटकाबाहेरच थांबली. एकोणतीस वर्षांची पोर. खोटं बोलता येत नाही तिला, त्यामुळे ऐकणाऱ्याची पंचाईत होते.

"विल्मा मावशी, ती परत येईल का?"

"व्यायला येईल," मी म्हटलं. "कुठेही असली तरी डुकरीण आपल्या पेंढ्यात व्यायला येते."

"मग ती यायच्या आत संपवायला हवी. ती आवारात शिरली, नुसतं कुंपणाला नाक लावलं, तरी कायद्यानं सगळा कळप संपर्कातला. सगळी मारावी लागतील. मला सही करावी लागेल."

"आणि बाहेरच मारली तर?"

"रक्त तपासू. स्वच्छ निघालं तर एकवीस तुमची."

पिंजरा लावून झाला होता. पण झुझीला पिंजरा कळतो. लहानपणी तिला बाजारातून मीच त्यात घालून आणली होती. दिवसभर कळप काटेरी झुडपांत पडून असतो, अंधार पडला की मक्याच्या कापलेल्या शेतात उतरतो. म्हणजे जे करायचं ते अंधारातच. रेकानं मारायच्या परवानगीचा कागद लिहिला, त्यावर लोरिंत्सचं नाव घातलं. पाळीव जनावर असल्यानं नेहमीचा शिकारीचा परवाना चालत नव्हता. शिकारी मंडळातल्या तिघांकडे रात्री दिसणारी यंत्रं होती, पण अध्यक्ष म्हणाले, यंत्र माझ्या परवान्यावर, कागद लोरिंत्सच्या नावावर, हे कसं जुळायचं. खरं कारण वेगळं होतं. विल्माची गाभण डुकरीण आपल्या यंत्रातून मेली, असं कुणाला नको होतं. मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही परवाना पुढे केला असता.

लोरिंत्सची बंदूक एकच आहे. लांब नळीची, बारीक नेमाची. ऐंशी पावलांवर नाण्यावर नाणं ठेवल्यासारख्या गोळ्या बसतात. तिच्यावरची दुर्बीण त्यानं नऊ वर्षांपूर्वी बसवली आणि प्रत्येक स्क्रूवर रंगाची रेघ ओढून ठेवली, म्हणजे केसभर हलला तरी कळावं.

"ती दुर्बीण काढायची नाही," तो रस्त्यापलीकडून ओरडला. "दुसरं काही चढवायचं नाही तिच्या जागी."

"काढायला कोण सांगतंय, भावजी? पुढे लावायचं मिळतं. दुर्बिणीच्या तोंडावर कड्यानं बसतं. सकाळी काढून खिशात."

"तुला कुणी सांगितलं?"

"वाचलं. रात्री झोप कुठे येते."

पलीकडच्या घराची खिडकी उघडी होती. गिझेला, माझी शेजारीण, कांदा चिरायची थांबली होती हे मला आवाजावरून कळलं.

शहरात जाणं नियमात बसत होतं, फक्त आंघोळ करून, रानातले कपडे न घालता. लोरिंत्स लग्नकार्याचा काळा सूट घालून आला, बूट चकाकत होते, अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास. बंदुकीची पेटी औषधाच्या फडक्यानं पुसून काखेत. दोन वर्षांनी त्याला इतक्या जवळून पाहत होते. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तीस पावलांवरून भुवया दिसत नाहीत.

"चांगला दिसतोस," मी म्हटलं.

"हा सूट मी तुमच्या लग्नात घातला होता."

"तरी चांगला दिसतो."

तिहामेरचं दुकान जुन्या दारूच्या तळघरावर आहे. वर बंदुका, टोप्या, हरणाच्या शिंगांच्या गुंड्या. खाली डोंगरात खोदलेला लांब बोगदा, जिथं त्याचे आजोबा पिंपं ठेवायचे. भर दुपारी तिथं काळोख असतो, म्हणून रात्रीची यंत्रं तो तिथंच दाखवतो. तिहामेर बोलका माणूस. मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा मात्र तो जरा हळू आवाजात बोलायला लागला.

"विकत नका घेऊ," तो म्हणाला. "तीन रात्री चालवून बघायला देतो, नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतो तसंच. पण एकच देता येईल ताई. माझ्याकडे दोन आहेत, त्यातलं एक परवा दुसऱ्याला द्यायचं कबूल केलंय. तुम्ही घ्याल ते तुमचं, उरेल ते त्याचं."

बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला पेंढा भरलेलं एक रानडुक्कर उभं होतं आणि त्याच्या शेजारी तिहामेरचा कुत्रा बसवला होता. तिहामेरनं गोळ्या नसलेली बंदूक वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाचा घेर मोजला, त्या मापाचं कडं काढलं आणि पहिलं यंत्र बसवलं.

"हे उष्णता बघतं. थर्मल. उजेड लागत नाही, धुकं असलं तरी बरंच दिसतं. दुर्बीण मात्र तिप्पट मोठं दिसेल एवढीच ठेवायची, फार तर सहापट. त्याच्या पुढं नेलीत तर चित्राचे नुसते ठिपके होतात."

लोरिंत्सनं बघितलं आणि मान हलवली. मग मी डोळा लावला. काळ्या पडद्यावर एक पांढरा गोळा होता, शेपूट हलवणारा. रानडुक्कर नव्हतंच.

"डुक्कर कुठे गेलं?"

"ते मेलंय ना ताई. गार आहे. यात गार गोष्ट दिसत नाही."

लोरिंत्सला मी तिकडे जाऊन उभं राहायला सांगितलं. तो कुरकुरत गेला. आता दोन पांढरे आकार, एक उभा, एक बसका. ज्या माणसाला मी तीस वर्षं ओळखते त्याच्या डोक्याच्या जागी नुसता एक जळता ठिपका होता. नाक नाही, डोळे नाहीत.

"दुसरं लाव," मी म्हटलं.

दुसरं डिजिटल होतं. त्याला वर छोटा दिवा, ज्याचा उजेड आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. डोळा लावला आणि पेंढ्याच्या डुकराला कसर लागलीय तीही दिसली. लोरिंत्सची टायची गाठ दिसली. कुत्र्याच्या मिशा मोजता आल्या असत्या. तो दिवा मंगलित्साच्या फिक्या लोकरीवर पाडला तर काय होईल हे विचारायची गरज नव्हती. तिहामेरनं एक जुनं मेंढीचं कातडं आणून टाकलं, ते चांदण्यासारखं लख्ख दिसलं.

"पण धुक्यात हे आंधळं," तिहामेर म्हणाला. "दिव्याचा उजेड धुक्यावरच आपटतो, समोर पांढरी भिंत. आणि ऑक्टोबर आहे. तुमच्या खोऱ्यात रोज धुकं. मला विचाराल तर थर्मल न्या. डोळे मिटून."

"त्या कळपात तीस जनावरं आहेत," मी म्हटलं. "तीस पांढरे गोळे. भावजी कुठल्यावर झाडणार? एक गोळी सुटली की कळप डोंगरापलीकडे. चुकीचं मेलं तर दुसरी संधी नाही."

"ती आकारानं कळेल," लोरिंत्स म्हणाला. "पोट केवढं असेल आता."

"रानातल्याही चारसहा पोटुशी असतील."

"या दिवसांत नसतात."

"मोठ्या नराचं पोट बघितलंयस का कधी? मका खाऊन?"

तिहामेर हसला आणि मग हसल्याबद्दल ओशाळला. लोरिंत्स हसला नाही. त्यानं सुटाच्या बाहीला लागलेला बोगद्याचा चुना झटकला, बराच वेळ झटकत राहिला.

"मला तिचा चेहरा बघायची गरज नाही, विल्मा," तो म्हणाला. "मला थर्मल चालेल."

त्या वाक्यात काय होतं ते मला ऐकू यायला हवं होतं. आयुष्यभर मी डुकरांच्या घुरघुरण्यातले फरक ओळखत आलेय. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात तीस पांढरे गोळे होते आणि एकवीस मेलेली डुकरं होती, आणि मला वाटलं हा म्हातारा धुक्याला घाबरतोय.

"ती ओळखू यायला हवी," मी म्हटलं. "डिजिटल."

दुकानामागच्या मैदानात त्यानं नेम तपासला. आधी यंत्र न लावता तीन गोळ्या, मग लावून तीन, मग काढून पुन्हा लावून तीन. तिहामेर म्हणाला, एवढं कुणी करत नाही. लोरिंत्स म्हणाला, म्हणूनच जखमी जनावरं रानात सापडतात. नऊच्या नऊ भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. मग त्यानं खिशातून रंगाची बाटली काढली आणि कड्यावर आणि दुर्बिणीवर मिळून एक लाल रेघ ओढली.

पहिल्या रात्री धुकं. दुसऱ्या रात्री धुकं. सकाळी तो क्रूसापाशी येऊन नुसती मान हलवायचा. दुसऱ्या सकाळी मी त्याला ओरडून म्हटलं की थर्मल घ्यायला हवं होतं का. त्याच्या हाती काठी होती, तिनं तो चौथऱ्याचं शेवाळ खरवडत होता. मी तिहामेरला फोन केला. दुसरं यंत्र गेलं होतं.

तिसऱ्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून राहिले. चरबी लावलेला पाव आणि कांदा पुढ्यात होता, तो सुकून वाकडा झाला. देवाला मी फारसं काही मागत नाही, येनोच्या वेळी मागून बघितलं होतं. त्या रात्री मी वारा मागितला. पहाटे चारच्या सुमाराला अंगणातला पत्रा वाजायला लागला. दार उघडलं तर समोरच्या डोंगराची कड दिसत होती.

गोळीचा आवाज पाचला दहा कमी असताना आला. एकच. आमच्या खोऱ्यात आवाज डोंगरावर जाऊन परत येतो, तो परत आला, आणि मग काही नाही. मी टेबलाची कड धरून उभी होते. झालं, असं म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. मग फोन वाजला.

"चुकली," लोरिंत्स म्हणाला.

"लागलीय कुठे?"

"नाही. साफ चुकली. जमिनीत गेली. कडं सरकलं असेल."

"रेघ बघ."

तिकडे गोळीचं रिकामं कवच काढल्याचा आवाज आला.

"भावजी, टॉर्च लाव आणि रेघ बघ."

"रेघ जागेवर आहे," तो म्हणाला.

फोन कानाला तसाच होता.

"तिनं मान वर केली," तो म्हणाला. "डावीकडे, ती धरते तशी. तोंडात गवत होतं विल्मा. मोठा पुंजका. घेऊन चालली होती."

डुकरीण गवत तोंडात घेऊन कधी चालते ते रानातल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि मलाही नाही. तिची व्यायची जागा करायची वेळ झाली होती. गार गवत. थर्मलमध्ये ते दिसलं नसतं. पांढऱ्या गोळ्याच्या पुढे काहीच दिसलं नसतं, आणि त्यानं बोट दाबलं असतं.

"कळप कुठे गेला?" मी विचारलं.

"वर, खिंडीकडे. सगळा."

"ती?"

"कळपाबरोबरच असेल."

तेव्हा मला कळलं की आम्ही दोघं, राखणदार आणि डुकरवाली, तीन दिवस एकच चूक करत होतो. आम्ही तिला रानडुकरासारखं धरून चाललो होतो. रानडुक्कर आवाज झाला की रानात पळतं. पाळलेलं डुक्कर घाबरलं की घरी पळतं.

फोन टेबलावर टाकला आणि मी बाहेर धावले. आतलं फाटक, बाहेरचं फाटक, दोन्ही मागे लावून घेतली. उजाडायला लागलं होतं. रस्त्याच्या वळणावर ती दिसली. दुडक्या चालीनं येत होती, पोट दोन्ही बाजूंना हलत होतं, अंगाला चिखल, लोकरीत काटे. मला बघितलं आणि घुरघुरली. मला ओळखलं की ती तीनदा घुरघुरते, तिसऱ्यांदा लांबवून. आत कुंपणापलीकडे बाकीच्यांनी ते ऐकलं आणि एकवीसच्या एकवीस उत्तर द्यायला लागली.

तिला आत जायचं होतं. सरळ फाटकाकडे. डुक्कर अडवायला रुंद फळी लागते, ती धरून पुढे चाललं की डुक्कर वळतं. पण फळी आत गोठ्यात होती आणि आत मला जाता येत नव्हतं. रस्त्याकडेला सरकारी पाटी होती, डुकरांच्या तापाचं क्षेत्र, प्रवेश बंद. मी ती खांबासकट उपटली. माझ्यात एवढं बळ आहे हे मला ठाऊक नव्हतं. पाटी आडवी धरून मी फाटक आणि झुझीच्या मध्ये उभी राहिले.

"तिकडे नाही," मी म्हटलं. "नाही गं बाई. आज नाही."

ती डावीकडून आली, मी डावीकडे. उजवीकडून आली, मी उजवीकडे. एकदा तिचं नाक पाटीखालून माझ्या गुडघ्यावर आपटलं. मी पडले, उठले. गिझेला नाइटगाऊनवर बाहेर आली होती.

"रेकाला फोन लाव," मी ओरडले. "आणि लोरिंत्सला. आणि तू पुढे येऊ नकोस."

"येत नाही. पण तुझ्या पायाला रक्त आलंय गं विल्मा."

"फोन लाव."

रेकाला यायला दीड तास लागणार होता. दीड तास एका गाभण डुकरिणीला तिच्या घरापासून तोडून धरायचं. पंधरा मिनिटांत मला पाटी जमिनीला टेकवून धरावी लागली. मग झुझी थकली की काय कोण जाणे. ती वळली आणि क्रूसाच्या चौथऱ्याकडे गेली. तिथं गवत उंच आहे. तिनं ते उपटायला सुरुवात केली. तोंडभर उपटायची, चौथऱ्याच्या आडोशाला टाकायची, नाकानं सारखं करायची, परत जायची. पाटी धरून मी बघत राहिले. आचळातून दूध गळत होतं.

लोरिंत्सची जीप आली. तो रानाच्या कपड्यांतच होता, चिखलाच्या बुटांत. दोन वर्षं पाळलेल्या सवयीनं तो तीस पावलांवर थांबला.

"ये इकडे," मी म्हटलं. "आता काय राहिलंय. मी तिला शिवलेय."

तो आला. झुझीनं त्याच्याकडे बघितलं आणि कामाला लागली.

"रेका सुई घेऊन येतेय," मी म्हटलं. "अजून एक तास."

त्यानं तिच्या पोटाकडे बघितलं. तासभरात ती व्यायला लागेल हे राखणदाराला कळत होतं, मलाही. एकदा पहिलं पिल्लू बाहेर आलं की ते तोंड उघडून आचळ शोधणार. मग रेकानं काय करायचं. मग मी काय करायचं.

"विल्मा," तो म्हणाला.

"हो."

"मी रात्रीच करायला हवं होतं. तुला हे बघावं लागलं नसतं."

"मी तुला तिचा चेहरा दाखवला," मी म्हटलं. "तू नको म्हणाला होतास."

त्यानं बंदुकीच्या तोंडावरचं यंत्र काढलं, लाल रेघ तुटली, आणि ते कोटाच्या खिशात ठेवलं. उजेड पुरेसा होता. खरं तर दुर्बिणीचीही गरज नव्हती. मी पाटी खाली टाकली आणि झुझीपाशी गेले. ती मान डावीकडे धरून गवत सारखं करत होती. मी तिच्या कानामागे खाजवलं, जिथं लोकर दाट असते तिथं, आणि ती थांबली. डोळे अर्धे मिटले.

"तू बाजूला हो," तो म्हणाला.

"होत नाही. मी झाले तर ती हलेल."

"हात तरी काढ."

हात मी शेवटच्या क्षणाला काढला. आवाज डोंगरावर जाऊन परत आला.

आमच्याकडे शिकार झाली की मारणारा जवळच्या झाडाची हिरवी डहाळी मोडतो आणि जनावराच्या तोंडात देतो. शेवटचा घास. तो शिकारीचा मान आहे. पाळलेल्या डुकराला देत नाहीत. लोरिंत्स रस्त्यापलीकडच्या ओकच्या झाडापाशी गेला, डहाळी मोडून आणली, टोपी काढली आणि वाकला. मग तसाच थांबला. घास तिच्या तोंडात आधीच होता, गवताचा. डहाळी हातात धरून तो बराच वेळ उभा होता, आणि शेवटी त्यानं ती माझ्या हातात दिली, कारण दुसरीकडे ठेवायला त्याला जागा सुचली नाही.

रेका आली. झगा, हातमोजे, पिशव्या. चौथऱ्याभोवती तिनं फीत लावली, रस्त्यावर औषध फवारलं. तिनं मला पाय धुवायला लावले, कपडे जाळायला लावले आणि सांगितलं की दहा दिवस आत जायचं नाही. कुंपणापर्यंत झुझी पोचली का, हे तिनं गिझेलाला विचारलं, कारण माझं ती लिहून घेऊ शकत नव्हती.

"पाटीच्या पुढे आली नाही," गिझेला म्हणाली. "मी बघत होते. विल्मा मेली असती पण तिनं येऊ दिलं नसतं."

म्हणून मी दहा दिवस लोरिंत्सच्या घरी राहिले, आणि तो जीपमध्ये झोपला, कारण गावाला दोन वर्षं आमची प्रकृती ऐकायची सवय होती, त्याहून जास्त काही गावाला ऐकवायचं नव्हतं. यंत्र त्यानं पोस्टानं परत पाठवलं. माझ्या डुकरांना गिझेला खायला घालत होती. रोज सकाळी मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी राहायचे, तीस पावलांवर, आणि ओरडून सांगायचे कुणाला किती. ती चुकीचंच घालायची. एकवीसच्या एकवीस माझा आवाज ऐकून कुंपणाशी यायची आणि गिझेलाकडे बघायचीही नाहीत.

सहाव्या दिवशी फोन आला.

"स्वच्छ," रेका म्हणाली. "काहीच नाही रक्तात. एकवीस तुमची, मावशी."

मी आभार मानले. तिला वाटलं फोन ठेवतेय, पण मी ठेवला नाही.

"पोटात किती होती?" मी विचारलं.

"ते अहवालात लिहीत नाहीत."

"मी अहवालाला विचारत नाहीये."

"दहा," ती म्हणाली.

रस्त्यापलीकडे गिझेला बादली घेऊन उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. स्वच्छ निघालं, असं मी तिला ओरडून सांगितलं. तिनं बादली खाली ठेवली आणि डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसले. मग मी तिला सांगितलं की कोपऱ्यातल्या त्या ठेंगणीचे दिवस भरत आलेत, तिच्याखालचा पेंढा ओला दिसतोय, तो काढून सुका घाल, आणि जाड घाल, नुसता शिंपडल्यासारखा नको.